बाईसाहेबांनी शिवलेली शिडे

बदलीचा हुकूम हातात पडला की आमच्या घरात सर्वांत शेवटी बांधली जाणारी आणि नव्या गावी सर्वांत आधी सोडली जाणारी वस्तू एकच, ती म्हणजे पत्नीचे शिवणयंत्र. नागपूर सोडल्यापासून ते जबलपूर पाहून आले, भुवनेश्वर पाहून आले आणि आता विशाखापट्टणच्या दमट हवेत गंज खात आहे. सरकारी निवासस्थानांचे नकाशे एकाच कचेरीत तयार होत असावेत असा आपला समज असतो. पण एका गावच्या खिडकीचा पडदा दुसऱ्या गावच्या खिडकीला कधीही बसलेला मी पाहिलेला नाही. तो उसवावा लागतो, जोडावा लागतो, प्रसंगी त्याची उशीची खोळ करावी लागते. परप्रांतात नोकरी करणाऱ्या वाचकांना हे मी सांगावे असे नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस उपसागरात वादळ उठले आणि दोन दिवस घराबाहेर पडण्याची सोय राहिली नाही. त्या सक्तीच्या विश्रांतीत मी एक जुने इंग्रजी पुस्तक वाचून काढले. जोशुआ स्लोकम या अमेरिकन कप्तानाने १८९० साली स्वखर्चाने छापलेली ही ‘लिबर्दादे’ नावाच्या नौकेची हकिकत आहे. स्लोकमचे नाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते निराळ्या कारणाने ठाऊक असते. १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ नावाच्या लहानशा गलबतातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला पुरुष. सुमारे ४६,००० मैलांचा तो प्रवास आणि त्यावरचा त्याचा ग्रंथ यांनी त्याला अमर केले. ‘एकट्याने’ या शब्दाचे इतिहासाला मोठे आकर्षण असते. परंतु त्या प्रदक्षिणेच्या सात वर्षे आधी त्याच कप्तानाने एक सफर केली होती, ती एकट्याने नव्हे. त्या होडीत त्याची पत्नी होती आणि दोन मुलगे होते. माझ्या दृष्टीने ती दुसरी सफर अधिक विचार करण्यासारखी आहे; कारण पहिलीत एका माणसाचे धैर्य आहे, तर दुसरीत एका संसाराची बदली आहे.

स्लोकमचा जन्म १८४४ साली कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात झाला. बाप जोडे शिवणारा. हा मुलगा सोळाव्या वर्षी घर सोडून समुद्रावर गेला आणि अंगच्या कर्तृत्वाने कप्तानपदापर्यंत चढला. १८७१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे त्याने व्हर्जिनिया वॉकर या तरुणीशी विवाह केला. तिने तेरा वर्षे जहाजावरच संसार केला. सात मुले झाली, त्यांतली चार जगली. १८८४ साली ब्युनोस आयरिसच्या बंदरात ‘अक्विडनेक’ या जहाजावर ती वारली, तेव्हा तिचे वय अवघे ३४ होते. स्लोकमच्या आयुष्याला जी ओहोटी लागली ती येथून, असे त्याचे चरित्रकार मानतात, आणि त्यात अतिशयोक्ती नसावी.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी १८८६ मध्ये, ४२ वर्षांच्या या विधुराने आपल्या नात्यातील हेनरिएटा एलियट हिच्याशी लग्न केले. घरची मंडळी तिला हेटी म्हणत. ती २४ वर्षांची होती, नोव्हा स्कोशियातून येऊन बोस्टनमध्ये कपडे शिवण्याचे काम करीत होती. लग्न २२ तारखेला झाले आणि २८ तारखेला नवपरिणीत दांपत्य न्यूयॉर्कहून ‘अक्विडनेक’वर चढले. पोटात घासतेलाचे डबे, मुक्काम दक्षिण अमेरिकेतील माँटेव्हिडिओ. सोबत पहिल्या पत्नीचे दोन मुलगे, थोरला व्हिक्टर आणि पाच वर्षांचा गारफील्ड. बंदर सोडून थोडेच दिवस झाले असतील तोच चक्रीवादळाने गाठले. शिवणकाम करणाऱ्या मुलीला समुद्राचे पहिले दर्शन घडले ते असे.

पुढील पावणेदोन वर्षांत तिने जे पाहिले ते एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर संपादकांनी ‘भडक’ म्हणून परत केले असते. रोसारिओहून वाळलेल्या गवताच्या गासड्या भरून जहाज ब्राझीलकडे निघाले, तर वाटेत पटकीच्या साथीमुळे ब्राझीलने आपली बंदरे अर्जेंटिनाहून येणाऱ्या जहाजांना बंद केली. विलग्नवासाच्या ठाण्यावर पोचलेल्या या जहाजाला तेथील लढाऊ नौकेने परत फिरायला लावले. माल तसाच घेऊन शेकडो मैल मागे जावे लागले. स्लोकमने या नुकसानीचा दावा पुढे सरकारदरबारी लावला. त्यातून हाती काही आले नाही. मी स्वतः टेबलाच्या अलीकडे बसणारा माणूस असल्यामुळे या प्रकरणी दोन्ही बाजू मला दिसतात. साथ खरी होती आणि हुकूमही चुकीचा नव्हता. पण हुकूम काढणाऱ्याला गवत कुजते याची कल्पना नसते, हेही खरे.

मग जुलै १८८७ मध्ये अंतोनिना बंदरात एका रात्री खलाशांनी उठाव केला. डेकवरची कुजबुज प्रथम हेटीने ऐकली आणि नवऱ्याला जागे केले. अंगावर चालून आलेल्या दोघांवर स्लोकमने गोळ्या झाडल्या, त्यांतला एक मेला. खटला झाला आणि आत्मसंरक्षणाच्या कारणावरून तो सुटला. नवे खलाशी घेतले तर त्यांच्याबरोबर देवीची साथ जहाजावर आली. ते निस्तरून डिसेंबर १८८७ मध्ये इमारती लाकूड भरले, तो परानाग्वाच्या उपसागरात प्रवाहाने आणि वाऱ्याने जहाज वाळूच्या दांड्यावर चढवले. लाटांनी त्याचा कणा मोडला. विमा नव्हता. मोडके जहाज विकून स्लोकमने खलाशांचे पगार चुकते केले आणि परक्या देशाच्या किनाऱ्यावर नवरा, बायको व दोन मुले उरली.

अशा वेळी निराधार खलाशांना वकिलातीमार्फत मायदेशी पाठवण्याची सोय असे. स्लोकमने ती नाकारली. त्याला भिक्षेकऱ्यासारखे घरी जायचे नव्हते. त्याने ठरवले की आपण येथेच एक होडी बांधायची आणि तीतून घर गाठायचे. हा निर्णय हेटीला विचारून झाला की सांगून झाला, याबद्दल पुस्तकात अक्षर नाही.

होडीच्या बांधणीचे वर्णन मात्र त्याने मन लावून केले आहे आणि ते वाचताना आपल्या कोकणातल्या सुतारांची आठवण होते. हत्यारे म्हणाल तर एक कुऱ्हाड, एक तासणी, दोन करवती, काही गिरमिटे. शिडे शिवण्याच्या दोन मोठ्या सुया होत्या, त्यांचीही खिळ्यांसाठी भोके पाडणारी गिरमिटे केली. किनाऱ्यावर वाहून आलेल्या जुन्या शिडाच्या पिशवीत एक कानस सापडली, ती तर सर्वांत मोलाची ठरली. खडूऐवजी कोळशाची पूड, कंपासऐवजी बांबूच्या दोन कामट्या. मोठे भोक हवे असेल तेथे लोखंडाचा तुकडा तापवून लाकूड जाळायचे. तळाला दगडासारखे जड लोहकाष्ठ घातले, बाजूंना आणि वर हलके तांबडे देवदारी लाकूड. काही खिळे मोडक्या जहाजातून काढले, काही दारांच्या बिजागऱ्यांचे झाले, काही जहाजाच्या तळाचा पत्रा वितळवून स्थानिक लोकांकडून ओतून घेतले. शुद्ध तांब्याचे सुमारे दहा किलो खिळे विकत घ्यावे लागले. त्यांची किंमत एका किलोला दोन किलो तांब्याची नाणी! त्याच नाण्यांचे शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडून, भोके पाडून, त्यांच्या चकत्या खिळ्यांना बसवल्या. ज्या घराजवळ पैसा उरला नव्हता त्या घराने शेवटचा पैसा अशा रीतीने होडीत ठोकला. चलनाचा इतका निखळ उपयोग कोणत्याही अर्थखात्याने केलेला माझ्या वाचनात नाही.

होडी झाली ती ३५ फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि ३ फूट खोल. अंग अमेरिकेतल्या कोळ्यांच्या होडीचे आणि जपानी साम्पानचे मिश्रण; शिडे मात्र चिनी पद्धतीची, आडव्या बांबूंवर ताणलेली, पंख्यासारखी मिटणारी. माणसे थोडी असताना वादळात ही शिडे चटकन उतरवता येतात, हे स्लोकमने पूर्वेच्या समुद्रांत पाहिले होते. होडीच्या बाजूंनी बांबूंच्या मोळ्या बांधल्या, म्हणजे उलटली तरी बुडू नये. आणि शिडे कोणी केली? ‘बाईसाहेबांनी’. ती उत्तम होती, एवढे प्रशस्तिपत्र देऊन कप्तान पुढच्या विषयाकडे वळतो. खिळ्यांना परिच्छेद, लाकडाला परिच्छेद आणि शिडांना एक ओळ! ज्याच्या बळावर ती होडी हजारो मैल चालायची होती त्या कापडाचे वजन किती, शिवण कशी, किती आठवडे लागले, बोटांची काय गत झाली, हे सारे गुलदस्तात राहिले. पुस्तकात ती बहुधा ‘बाईसाहेब’ किंवा ‘माझी पत्नी’ म्हणूनच वावरते. आमच्याकडेही मागच्या पिढीपर्यंत पत्नीचे नाव घेण्याचा संकोच होताच, तेव्हा या बाबतीत कप्तानाला फारशी नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

होडी पाण्यात लोटली तो दिवस होता १३ मे १८८८. त्याच दिवशी राजकन्या इझाबेलने सही करून ब्राझीलमधील गुलामगिरी कायद्याने नष्ट केली. होडीला ‘लिबर्दादे’, म्हणजे स्वातंत्र्य, असे नाव मिळाले ते त्यावरून.

येथे एक गमतीचा कारकुनी प्रसंग आहे, तो गाळवत नाही. परदेशी जाणाऱ्या जहाजाला कागदपत्रे लागतात आणि असल्या होडीला ती कोण देणार? अखेर परानाग्वाच्या अधिकाऱ्यांनी त्याला मासेमारीचा परवाना दिला: खाडीमुखाच्या आत व बाहेर मासे धरण्याचा. ‘बाहेर’ म्हणजे किती बाहेर, हे त्यात लिहिलेले नव्हते. एका शब्दाची व्याप्ती मोकळी सोडली की त्यातून माणूस उत्तर अमेरिकेपर्यंत जाऊ शकतो, हे टिप्पणी लिहिणाऱ्या माझ्या बंधूंनी ध्यानी घ्यावे.

शिध्याची यादी त्याने दिली आहे. १२० पौंड बिस्किटे, २५ पौंड पीठ, ३० पौंड साखर, १०० पौंड सुके मांस, कॉफी, चहा, सुके मासे, मधाच्या दोन बाटल्या, २०० संत्री, केळ्यांचे सहा घड, पिण्याचे पाणी १२० गॅलन. ही यादी कप्तानाच्या पुस्तकात आहे म्हणून कप्तानाने केली असेल. पण सात वर्षांचा मुलगा बरोबर असताना मधाची बाटली घ्यावी हे कोणाला सुचले असेल याविषयी माझे स्वतंत्र मत आहे.

२४ जून १८८८ रोजी ‘लिबर्दादे’ने परानाग्वाचा दांडा ओलांडला. विषुववृत्ताच्या दक्षिणेस तो ऐन हिवाळा. आपल्याकडे जाणता कोळी जूनमध्ये होडी किनाऱ्यावर ओढून, झापांखाली झाकून नारळी पौर्णिमेची वाट पाहतो. तेथल्या किनाऱ्यावरही हा ऋतू सुखाचा नव्हता. किनारा डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे निघालेल्या होडीला लवकरच वादळाने गाठले. होडीवर छप्पर म्हणजे ताणलेले कापड. त्याच्या आत हेटी आणि लहान गारफील्ड, बाहेर सुकाणूवर नवरा, दोरांवर सोळा वर्षांचा व्हिक्टर. आणि त्या तडाख्यात तिने शिवलेली शिडे फाटली. होडी कशीबशी सांतोस बंदरात शिरली.

या ठिकाणी मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेरचा पाऊस ऐकत बसलो. आठवडेच्या आठवडे खपून केलेले काम पहिल्याच प्रवासात डोळ्यांदेखत चिंध्या होऊन जाते, तेव्हा ते करणारीला काय वाटते? स्लोकमला नाविक म्हणून त्याचे नवल नव्हते, शिडे फाटायचीच. पण तो त्या चिंध्यांकडे वाऱ्याच्या बाजूने पाहत होता, ती सुईच्या बाजूने पाहत असली पाहिजे.

सांतोसला ‘फिनान्स’ नावाची टपालाची आगबोट होती. तिचा कप्तान बेकर स्लोकमच्या परिचयाचा. त्याने होडी रिओपर्यंत ओढून नेण्याचे कबूल केले. हेटी व गारफील्ड आगबोटीवर चढले. स्लोकम होडीच्या सुकाणूवर राहिला आणि व्हिक्टर पुढच्या टोकाला, हातात कुऱ्हाड घेऊन, होडी पाण्याखाली जाऊ लागली तर दोर तोडण्याच्या तयारीने. आगबोटीच्या वेगाने ओढली जाणारी ती चिमुकली होडी लाटांत नाक खुपसत होती. कप्तानाने हा प्रसंग मोठ्या चवीने सांगितला आहे. आगबोटीच्या कठड्याशी उभे राहून मागच्या पाण्यातला तो ठिपका दिसतो, नाहीसा होतो, पुन्हा दिसतो, हे पाहणाऱ्या स्त्रीच्या बाजूने तो प्रसंग कोणीही सांगितलेला नाही. माझ्या मते साऱ्या सफरीत सर्वांत कठीण जागा तीच होती. होडीत असताना निदान पाणी उपसता येते.

तरीही रिओला ती आगबोटीवर थांबली नाही. शिडांची व्यवस्था झाल्यावर २३ जुलै रोजी ‘लिबर्दादे’ पुन्हा समुद्रात निघाली, तेव्हा ती होडीत होती. सक्ती होती काय? बोस्टनचे भाडे जमवणे अगदीच अशक्य होते काय? कर्तव्य म्हणावे, प्रेम म्हणावे की दुसरी वाट नसणे म्हणावे, हे मला ठरवता येत नाही. आपल्या स्वतःच्या घरातले असले निर्णय तरी आपल्याला कुठे नीट सांगता येतात?

पुढचा प्रवास मानाने सुखाचा झाला. एका रात्री होडीखालून सुमारे ५० फुटांचा देवमासा वर आला आणि होडी हादरली, एवढे सोडले तर बाहिया, पेर्नांबुको असे मुक्काम करीत त्यांनी ब्राझीलचा किनारा मागे टाकला. पेर्नांबुकोपासून बार्बाडोसपर्यंतचे २,१५० मैल त्यांनी १९ दिवसांत तोडले, तेव्हा व्यापारी वाऱ्यांनी भरलेली ती चिनी शिडे काय डौलाने चालली असतील! तेथे वादळांचा हंगाम टळेपर्यंत थांबून, पोर्तो रिको व बहामा बेटांवरून, २८ ऑक्टोबर १८८८ रोजी दक्षिण कॅरोलिनामधील केप रोमनजवळ ‘लिबर्दादे’ अमेरिकेच्या भूमीला लागली. समुद्रावरचे ५५ दिवस, ५,५१० मैल. तेथून आतल्या खाड्यांच्या मार्गाने २७ डिसेंबरला वॉशिंग्टन, आणि १८८९ मध्ये न्यूयॉर्कवरून बोस्टन. तीन वर्षांपूर्वी जेथून ती नववधू म्हणून निघाली होती तेथे ती परत आली.

त्याच बोस्टन शहरात, १८८८ सालीच, कॅरोलिन डॉल या बाईंनी लिहिलेले आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र प्रसिद्ध झाले होते, हा योग मला सहज आठवला. टपालखात्यातल्या कारकुनाची पत्नी. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कलकत्ता, श्रीरामपूर असे फिरून १८८३ साली कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय आगबोटीवर चढलेली. दोघींची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. शिक्षण निराळे, ध्येय निराळे. पण आनंदीबाईंची पत्रे राहिली, म्हणून त्यांना काय वाटले ते त्यांच्याच शब्दांत आपल्याला कळते आणि गोपाळरावांशी झालेले मतभेदही कळतात. हेटीची बाजू मात्र नवऱ्याच्या पुस्तकातल्या कोऱ्या जागांतून वाचावी लागते.

एक उत्तर तिने दिले, ते कृतीने. ‘लिबर्दादे’नंतर ती त्याच्या जहाजावर राहायला पुन्हा कधी गेली नाही. भांडण झाल्याचे, रुसल्याचे कोणी लिहीत नाही. २४ एप्रिल १८९५ रोजी ‘स्प्रे’ने बोस्टन सोडले तेव्हा हेटी किनाऱ्यावर राहिली. जगाने ज्याला ‘एकट्याने’ म्हणून डोक्यावर घेतले त्या प्रवासातल्या एकटेपणाची एक बाजू ही आहे. पुढे १९०२ साली त्या दोघांनी मार्थाज व्हिनियार्ड या बेटावर थोडी शेती घेतली, पण कप्तानाचे पाऊल जमिनीवर ठरेना. तो ‘स्प्रे’ घेऊन एका हिवाळ्याच्या तोंडी निघून गेला आणि परत आला नाही. न्यायालयाने १९२४ साली त्याला मृत ठरवले आणि मृत्यूचा दिवस धरला १४ नोव्हेंबर १९०९.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ही सारी हकिकत पत्नीला सांगितली. ती यंत्राशी बसली होती. या घराच्या पूर्वेकडच्या खिडकीचा पडदा अजून एक वीत आखूडच होता. देवमासा, कुऱ्हाड, तांब्याची नाणी, सारे तिने ऐकून घेतले. मग दोरा दातांनी तोडत म्हणाली, “अहो, शिडे शिवायच्या सुयांची तर गिरमिटे केली म्हणता. मग तिने शिवले कशाने?”

मी पुस्तक पुन्हा उघडले आणि हत्यारांची यादी दोनदा वाचली. दोन्ही मोठ्या सुया गिरमिटांतच जमा होत्या.

“तिच्याजवळ तिच्या स्वतःच्या सुया असतील,” पत्नी म्हणाली, आणि तिने पडद्याची खालची दुमड उसवायला घेतली.